बेचाळीस फुटांचें रिंगण

शाळामास्तरानें सर्कशीवर बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. माझें सारें आयुष्य फळा, खडू आणि हजेरीपट यांच्या संगतींत गेलें. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंत. आणि घोड्यावर मी जन्मांत एकदांच बसलों, तोही एका लग्नाच्या वरातींत, आणि तेवढ्या संथ चालींतसुद्धां खालीं आलों. असें असतां आज मी आपणांस एका घोडेस्वाराचें चरित्र सांगणार आहें. त्याला कारण आहे. त्या चरित्रांत शिकविणाऱ्या माणसानें ऐकण्यासारखें कांहीं आहे, आणि मला तें फार उशिरां ऐकूं आलें. तें काय, हें मी ओघानें सांगेन.

हा घोडेस्वार इंग्लंडांतला. त्याचें नांव अँड्र्यू ड्यूक्रो. जन्म १७९३ सालचा, मृत्यु १८४२ सालचा. म्हणजे आपल्याकडे सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती, त्या सुमारास हा जन्मला. धांवत्या घोड्याच्या पाठीवर उभें राहण्याची विद्या त्याच्या आधींही होती. परंतु त्या विद्येला नाट्याची आणि चित्राची शोभा आणून देणारा पुरुष हा. आज जगांत कोठेंही सर्कशीचा घोडेस्वार दोन घोड्यांवर दोन पाय ठेवून उभा राहिला, कीं तो कळत-नकळत ड्यूक्रोचाच धडा गिरवीत असतो.

परंतु माणसाकडे वळण्यापूर्वी त्याची विद्या कशी, तें थोडक्यांत पाहूं.

फिलिप अ‍ॅस्टली या नांवाचा एक इंग्रज होता. जन्म १७४२, बाप लांकूडकाम करणारा. मुलगा मात्र करवत टाकून पंधराव्या हलक्या घोडदळांत शिरला, सात वर्षांच्या युद्धांत लढला, आणि सार्जंट-मेजर होऊन बाहेर पडला. १७६८ सालीं त्यानें लंडनला थेम्स नदीच्या दक्षिणेस लॅम्बेथ भागांत मोकळ्या जागेवर घोडेस्वारीची शाळा काढली. सकाळीं शिकवावें, दुपारीं खेळ करून दाखवावे, असा त्याचा क्रम असे. त्याची बायको नगारा वाजवून लोक जमवी. आजच्या सर्कशीचें मूळ या शाळेंत आहे. ती एक शाळा होती, ही गोष्ट मला मास्तर या नात्यानें मोठी गोड वाटते.

अ‍ॅस्टलीच्या रिंगणाचा व्यास पुढें बेचाळीस फुटांवर स्थिरावला, आणि आजही जगभर सर्कशीचें रिंगण याच मापाचें असतें. हें माप कां? आपण लहानपणीं तांब्याला दोरी बांधून तो गरगर फिरविला असेल. तांब्या आडवा झाला तरी आंतलें पाणी सांडत नाहीं. वेगामुळें तें तांब्याच्या बुडाशीं दाबलें जातें. रिंगणांतील घोड्याचेंही तसेंच आहे. वर्तुळांत धांवतांना घोडा आंतल्या बाजूस कलतो. पाठीवरचा स्वारही त्याच्याबरोबर कलतो, आणि वेगाच्या जोरानें त्याचे तळवे घोड्याच्या पाठीशीं दाबले जातात. सरळ रस्त्यावर ज्याचा तोल क्षणांत जाईल, तो वर्तुळांत उभा राहूं शकतो. वर्तुळ फार लहान केलें तर घोड्याला सारखी दौड जमत नाहीं. फार मोठें केलें तर हा आधार कमी पडतो. बेचाळीस फूट व्यास म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत एकवीस फूट. मध्यें उभ्या असलेल्या शिक्षकाच्या लांब चाबकाचें टोंक घोड्यापर्यंत पोंचतें, हाही एक सोयीचा भाग.

पण नुसत्या गणितानें कोणी उभा राहात नाहीं. घोडा रुंद पाठीचा, शांत स्वभावाचा आणि घड्याळाच्या लंबकासारख्या एकाच लयीनें धांवणारा पाहिजे. त्याच्या पाठीवर खोगीर नसेल तर पाय घसरूं नये म्हणून राळेची पूड चोळावी लागते. आणि स्वाराला ती लय डोक्यानें नव्हे, गुडघ्यांनीं आणि घोट्यांनीं समजावी लागते. घोड्याचें अंग वर येण्यापूर्वीं अर्धा पळ आधीं गुडघा सैल झाला पाहिजे. हें पुस्तकांतून येत नाहीं. तें लहानपणींच अंगांत मुरावें लागतें. आणि लहानपणीं तें कसें मुरविलें जाई, येथूनच आपल्या चरित्राला सुरुवात होते.

ड्यूक्रोचा बाप पीटर हा मूळचा बेल्जममधील ब्रूज गांवचा. धंदा शक्तीचे प्रयोग दाखविण्याचा. लोक त्याला ‘फ्लेमिश हर्क्युलस’ म्हणत. आपल्याकडे ‘कलियुगींचा भीम’ म्हणावें, तसेंच तें. आपल्या चार-पांच मुलांना मेजावर बसवून तें मेज तो दांतांनीं उचलून धरी. आणि उताणें निजून हातापायांवर तोललेल्या फळीवर अठरा शिपाई उभे करी, असें त्याच्याविषयीं सांगत. असल्या बापाच्या पोटीं लंडनच्या साउथवर्क भागांत अँड्र्यू जन्मला.

मूल तीन वर्षांचें झालें, आणि शिक्षण सुरू झालें. कोलांट्या, उड्या, ताणलेल्या दोरावरचें व सैल दोरावरचें नृत्य, तोल सांभाळणें, तरवारीचे हात, मुष्टियुद्ध आणि घोडेस्वारी. आपल्याकडे डोंबाऱ्याचीं मुलें दोरावरून चालतांना आपण पाहिलीं आहेत. खालीं उभा राहून ढोलकें वाजविणारा बापच त्यांचा गुरु असतो, आणि त्या पोरांना भूक लागली आहे कीं झोंप येते आहे, हें कोणी विचारीत नाहीं. अँड्र्यूचें बाळपण तसेंच गेलें. शाळेचें तोंड त्यानें फारसें पाहिलें नाहीं. सातव्या वर्षीं, १८०० सालीं, फ्रॉगमोर येथील समारंभांत तिसऱ्या जॉर्ज बादशहापुढें त्यानें खेळ केला. पंधराव्या वर्षीं, १८०८ सालीं, तो अ‍ॅस्टलीच्या रंगमंडळांत मुख्य घोडेस्वार व दोरावरचा नर्तक झाला, आणि त्यास आठवड्यास दहा पौंड मिळूं लागले. त्या काळच्या मजुराला इतके पैसे मिळविण्यास कित्येक महिने राबावें लागे.

हें वाचून कोणीही म्हणेल, बाप कडक होता म्हणून मुलगा तयार झाला. मीही पुष्कळ वर्षें असेंच म्हणत आलों. परंतु त्याच्या लहानपणची एक गोष्ट सांगतात, ती ऐका. बाथ शहरीं खेळ चालू असतां हा मुलगा घोड्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. बापानें त्याला उचलून आंत नेलें. प्रेक्षकांना पोराची कीव आली. तेवढ्यांत आंतून किंकाळ्या ऐकूं येऊं लागल्या. लोकांना वाटलें, हाड बसवीत असतील. पाहतात तों बाप त्या पोराला चाबकानें झोडपीत होता. कां, तर तो पडला म्हणून.

श्रोतेहो, ही गोष्ट मीं प्रथम वाचली, तेव्हां पुस्तक मिटून ठेवलें. त्या बापाचा मला संताप आला असें म्हणालों तर तें खोटें होईल. मला माझी छडी आठवली.

मी नवा मास्तर होतों. तालुक्याच्या गांवीं एक सर्कस उतरली होती. माझ्या वर्गांतला एक मुलगा तीन दिवस गैरहजर राहिला. चौथ्या दिवशीं मीं स्वतः जाऊन पाहिलें, तों हा पठ्ठा घोड्यांच्या तंबूपाशीं मोतद्दाराबरोबर एका पांढऱ्या घोड्याला खरारा करीत होता. मी त्याला मनगट धरून शाळेंत आणला, वर्गापुढें उभा केला, आणि विचारलें, “तीन दिवसांत काय शिकलास, तें सांग सगळ्यांना.” माझा प्रश्न टोमण्याचा होता. मुलगा थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मास्तर, तो घोडा डावीकडं वळत फिरतो ना, तेव्हां दौड घेतांना डावा पाय पुढं टाकतो. उजवा टाकला कीं वरची बाई खालीं उतरते.” वर्ग हंसला. मला तो उद्धटपणा वाटला. चार छड्या मारावयाच्या ठरविल्या होत्या, त्या सहा मारल्या. त्यानें हात मागें घेतला नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं तो शाळेंत येईनासा झाला. तो कोठें गेला, तें मला कळलें नाहीं.

आतां, तो मुलगा काय सांगत होता? वर्तुळांत धांवणारा घोडा ज्या बाजूला वळतो, त्या बाजूचा पुढचा पाय दौडींत आघाडीला असावा लागतो. रिंगणांतले घोडे रूढीनें डावीकडे वळत फिरतात. म्हणून डावा पाय आघाडीला. तो चुकला तर घोड्याचें अंग वेडेंवांकडें हेलकावतें आणि पाठीवर उभ्या असलेल्या माणसाचा तोल जातो. घोडेस्वारीचा हा एक मूळ धडा आहे. तो त्या बारा वर्षांच्या मुलानें कोणीं न शिकवितां, तीन दिवस नुसतें पाहून, मिळविला होता. मला तो पुस्तकांतून कळण्यास तीस वर्षें लागलीं.

असो. ड्यूक्रोकडे वळूं.

बापाच्या मृत्यूनंतर कुटुंबाचा भार या तरुणावर पडला. आई व भावंडें यांना घेऊन तो युरोपांत गेला. गेंट शहरीं त्यानें काम केलें. पॅरिसला फ्रँकोनी घराण्याच्या प्रसिद्ध सर्कशींत नांव मिळविलें. फ्रेंच भाषा त्याला फारशी येत असेल असें वाटत नाहीं. परंतु त्याला भाषेची जरूरच नव्हती. तो मूक अभिनयांत तयार झालेला होता. मुक्या मुलाची भूमिका करून त्यानें लंडनच्या रंगभूमीवर पूर्वींच लोकांना रडविलें होतें. आतां तोच अभिनय त्यानें घोड्याच्या पाठीवर नेला.

येथें त्याच्या कर्तबगारीचें मर्म आहे. त्याच्या आधींचे स्वार घोड्यावर उभे राहून डोक्यावर तोल धरीत, तरवार फिरवीत, मागेंपुढें उड्या मारीत. लोक ‘शाबास’ म्हणत आणि घरीं जात. ड्यूक्रोनें धांवत्या घोड्यावर गोष्ट सांगण्यास सुरुवात केली. तो खलाशी होई: प्रेयसीचा निरोप घेई, वादळांत सांपडे, घरीं परत येई, आणि हें सर्व घोडा फेऱ्या घालीत असतां. तो रोमन योद्धा होऊन जखमी पडे. तो अमेरिकेंतील आदिवासी शिकारी होई. पोशाखांवर पोशाख घालून येई, आणि दौडत्या घोड्यावर एकेक उतरवीत नवनवीं माणसें उभीं करी. मध्येंच तो एखाद्या प्राचीन ग्रीक पुतळ्यासारखा निश्चल उभा राही. खालीं घोडा धांवतो आहे आणि वर दगडाची मूर्ति उभी आहे, असा भास होई. चळवळ करणें सोपें. धांवत्या पाठीवर स्थिर राहणें कठीण, हें जाणत्यांना सांगावयास नको.

१८२३ सालीं तो लंडनला परतला. १८२५ पासून तो अ‍ॅस्टलीच्या रंगमंडळाचा भागीदार मालक झाला. अ‍ॅस्टली स्वतः १८१४ सालींच पॅरिसला वारला होता. ज्या घरांत पोरवयांत पगारावर राबला, त्याच घराचा ड्यूक्रो धनी झाला. त्या घरांत रंगभूमी आणि रिंगण दोन्हीं असत. घोड्यांनिशीं नाटकें होत. बायरनच्या काव्यावरून रचलेलें ‘माझेप्पा’ हें नाटक १८३१ सालीं येथेंच गाजलें. तालमीच्या वेळीं नट लांबलचक संवाद बोलूं लागले, कीं ड्यूक्रो वैतागून म्हणे, बडबड पुरे करा आणि घोड्यांचें काय तें पाहा. त्याचें हें बोलणें इंग्रजींत म्हणीसारखें रूढ झालें.

१८२७ सालीं त्यानें ‘सेंट पीटर्सबर्गचा जासूद’ हा आपला सर्वांत प्रसिद्ध खेळ बसविला. तो डोळ्यांपुढें आणण्याचा प्रयत्न करूं.

लंडनहून रशियाच्या राजधानीस खलिता घेऊन निघालेला जासूद. दोन घोडे जोडीनें धांवत आहेत. पाठी उघड्या, खोगीर नाहीं. एकाच्या पाठीवर स्वाराचा डावा पाय, दुसऱ्याच्या पाठीवर उजवा. इतक्यांत मागून तिसरा घोडा येतो. स्वार पाय फांकतो, दोन घोडे एकमेकांपासून दूर होतात, आणि तिसरा घोडा त्या दोहोंच्या मधून, स्वाराच्या दोन्हीं पायांच्या कमानीखालून, पुढें निघून जातो. त्याच्यावर एका देशाचें निशाण असतें. म्हणजे जासुदानें तो देश ओलांडला. घोडा खालून जातां जातां स्वार वांकून त्याचा लांब लगाम उचलतो. मग दुसरा घोडा, दुसरें निशाण, दुसरा देश. असें होतां होतां चार-पांच घोड्यांचे लगाम एका माणसाच्या मुठींत येतात. पुढें घोड्यांचा ताफा दौडतो आहे, आणि मागें दोन पाठींवर उभा राहून तो सारा ताफा हांकणारा हा एकटा पुरुष.

आपण गणित करून पाहा. दोन घोड्यांची लय जुळली पाहिजे. मधून जाणाऱ्यानें बुजतां कामा नये. बाजूच्यांनीं त्याला लाथ मारतां कामा नये. प्रत्येक लगामाचा ताण निराळा, आणि प्रत्येक ताण बोटाला कळला पाहिजे. यांत एक घोडा जरी भ्यालेला असला, तरी माणूस सहा-सात घोड्यांच्या टापांखालीं जाईल.

भ्यालेला असला तरी, असें मीं म्हटलें. तोच शब्द महत्त्वाचा आहे.

आपल्या मराठींत घोडे तयार करणाऱ्याला ‘चाबुकस्वार’ म्हणतात. शब्दांत चाबूक आधीं येतो आणि स्वार मागाहून. रिंगणाच्या मध्यें उभा असलेला शिक्षकही हातांत चाबूक घेऊन असतो, आणि मुलें समजतात कीं घोडा माराच्या भयानें धांवतो. परंतु रिंगणांतला तो चाबूक मुख्यतः खुणेसाठीं असतो. त्याचा आवाज हवेंत होतो. घोड्याला त्यावरून ‘पुढें हो’, ‘सांवर’, ‘बाहेर राहा’ एवढें कळतें. ज्या घोड्याला पाठीवर माराची धास्ती आहे, त्याची पाठ आखडते. आखडलेल्या पाठीवर माणूस उभा राहूं शकत नाहीं. घोड्यानें विश्वासानें पाठ सैल सोडली, तरच ती पाठ म्हणजे जमीन. भीतीनें घोड्याला पळवितां येतें. त्याच्यावर उभें राहतां येत नाहीं.

मग ड्यूक्रो कशानें तयार झाला? बापाच्या चाबकानें, असें मला आतां म्हणवत नाहीं. चाबूक तर बापानें पाय मोडल्यावरही मारला. त्यानें हाड सांधलें नाहीं. तो शिकला तो घोड्याकडून. रोज तास-तास त्या उघड्या पाठीवर उभें राहून, खालचें जनावर केव्हां श्वास घेतें, केव्हां दचकतें, केव्हां थकतें, हें तळपायांनीं वाचून. मारानें त्याला दुसरेंच कांहीं दिलें. तो स्वभावानें अतिशय तापट निघाला. तालमींत शिव्यांची लाखोली वाही. हाताखालचे लोक त्याला वचकून असत. बापानें जें दिलें, तें त्यानें माणसांना परत केलें, आणि घोड्यानें जें दिलें, तें प्रेक्षकांना. मला तरी त्याच्या चरित्राचा असा हिशेब दिसतो. त्याला साधु ठरविण्याचें कारण नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत पुढें शिकाऊ मुलाच्या कमरेला पट्टा बांधून, वरच्या आडव्या दांड्यावरून दोर सोडून, तो पडला तर अधांतरीं झेलण्याची युक्ति निघाली. किती साधी गोष्ट! पडणें हा शिक्षणाचा भाग आहे, एवढें मान्य केलें कीं दोर सुचतो. पडणें हा गुन्हा मानला कीं चाबूक सुचतो. अँड्र्यूच्या लहानपणीं तो दोर नव्हता.

त्याचा संसार रिंगणांतच झाला. भाऊ जॉन त्याच सर्कशींत विदूषक होता. पहिली पत्नी मार्गारेट १८३७ सालीं वारली. दुसऱ्या वर्षीं त्यानें लुईझा वुलफर्ड या आपल्याच मंडळींतील नामांकित स्त्री-घोडेस्वाराशीं लग्न केलें. हिचें नांव इंग्रजी वाङ्मयांतही राहिलें आहे. चार्ल्स डिकन्सनें तरुणपणीं लिहिलेल्या ‘स्केचेस बाय बॉझ’ या पुस्तकांत अ‍ॅस्टलीच्या सर्कशीवर एक प्रकरण आहे; त्यांत मिस वुलफर्ड घोड्यावरून येते आणि तिला पाहून एक सबंध कुटुंब हरखून जातें. ज्यांनीं डिकन्स वाचला असेल, त्यांनीं ड्यूक्रोच्या घरांत डोकावून पाहिलेंच आहे, म्हणा ना!

आतां शेवट सांगतों. अ‍ॅस्टलीचें तें रंगमंडळ लांकडी कामाचें. दिव्यांचा उजेड, दारूकामाचे देखावे, गवताच्या गंजी. १७९४ मध्यें तें एकदां जळलें होतें, १८०३ मध्यें पुन्हां. ८ जून १८४१ रोजीं पहांटे तें तिसऱ्यांदां पेटलें. घरची एक जुनी विश्वासू मोलकरीण त्या आगींत गेली. कांहीं जनावरेंही गेलीं. तीस-पस्तीस वर्षांची जमवाजमव, पोशाख, देखावे, सारें कांहीं तासांत राख झालें. घोड्यावरून पडून जो दरवेळीं उठला होता, तो या पडण्यांतून उठला नाहीं. त्याच्या बुद्धीला भ्रम झाला, शरीर खंगलें, आणि २७ जानेवारी १८४२ रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला.

लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमींत त्याची समाधि आहे. पहिली पत्नी वारली तेव्हांच त्यानें ती बांधविली होती. तिचा आराखडा कोणा शिल्पशास्त्र्यानें नव्हे, तर त्याच्याच रंगमंडळाचे पडदे रंगविणाऱ्या जॉर्ज डॅन्सन या चित्रकारानें केला. खर्च सुमारें तीन हजार पौंड आला, असें म्हणतात. प्राचीन मिसर देशाच्या धर्तीचें देऊळ, दाराशीं नरसिंहासारखे बसलेले स्फिंक्स, भडक थाट. मोठमोठ्या सरदारांच्या थडग्यांमध्यें ही एका खेळ्याची समाधि डोळ्यांत भरते. कांहींना ती अभिरुचीला सोडून वाटते. परंतु तिच्यापाशीं दगडांत कोरलेली एक साधी वस्तु आहे: एक टोपी आणि हातमोज्यांची जोडी, जणूं स्वारानें आतांच काढून ठेवली आहे. सगळा थाट एका बाजूला, आणि ते हातमोजे एका बाजूला. लगाम धरणारे हात तेवढे आंत गेले आहेत.

त्याची विद्या मात्र आंत गेली नाहीं. ती हातोहात, पाठोपाठ, देशोदेशीं गेली. आपल्या महाराष्ट्रांतही ती निराळ्या वाटेनें बहरली. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे ग्वाल्हेरीस घोड्यांची विद्या शिकले, आणि १८८० सालीं मुंबईस त्यांनीं ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. हिंदी माणसानें काढलेली ती पहिली सर्कस. तिचा उगमही घोड्याच्या पाठीवरूनच झाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. लॅम्बेथचा शिपाई असो वा अंकलखोपचा ब्राह्मण असो, सर्कशीच्या तंबूंत तो शिरला तो घोड्यावर बसूनच.

आणि लहान मुलांचें काय? तीन वर्षांच्या मुलाला दोरावर चढविण्याची ती रीत आपल्याही सर्कशींत पुष्कळ काळ होती. १८ एप्रिल २०११ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें, सर्कशींत मुलांना कामास ठेवण्यावर मनाई करावी, असा आदेश केंद्र सरकारला दिला. अशानें ती अस्सल विद्या लोप पावेल, असें म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढेंच विचारतों: ड्यूक्रोच्या बापाच्या हाताखालून किती मुलें गेलीं असतील असल्या घरांतून, ज्यांचीं हाडें मोडलीं आणि ज्यांचीं नांवें कोणत्याही समाधीवर कोरलीं गेलीं नाहींत? एका ड्यूक्रोचें नांव घेऊन चाबकाला श्रेय देणें, हें चुकीचें गणित आहे. पास झालेल्या एका मुलाकडे बोट दाखवून नापासांची संख्या न सांगणाऱ्या शाळेसारखें तें आहे.

हें सर्व मीं आपणांस सांगितलें, तें ड्यूक्रोसाठीं आणि थोडेंसें माझ्यासाठीं. छडी मीं नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सोडली. कोणी सांगितलें म्हणून नव्हे. त्या पांढऱ्या घोड्याच्या डाव्या पायाचा अर्थ कळला म्हणून. तोंवर माझ्या हाताखालून किती मुलें गेलीं, तें हजेरीपटांत आहे. त्यांतल्या कितींच्या पाठी मीं आखडवून ठेवल्या, तें हजेरीपटांत नाहीं.

आकाशवाणीचें एक बरें असतें. आपलें बोलणें कोणाच्या कानीं पडेल, याचा नेम नसतो. माझ्या वर्गांतला तो मुलगा आतां साठीच्या घरांत असेल. तो कोठें तरी हें ऐकत असला, तर त्याला मला एवढेंच सांगावयाचें आहे: बाळ, त्या दिवशीं वर्गांत मीं तुझें उत्तर चूक धरलें. तें बरोबर होतें.